ठिणगी, इंधन आणि हवा

उभ्या मोटारीचे इंजिन कधी कधी संथ चालण्याऐवजी अडखळू लागते. गाडी थरथरते, मधूनच हिसका बसतो. मिस्त्री म्हणतो, "गाडी मिसिंग मारतेय." हे दुखणे मोटारीइतकेच जुने आहे. त्याचा इतिहास पाहिला, तर त्याची कारणेही सहज ध्यानात येतात.

जर्मनीत निकोलस ओटो याने १८७६ साली चार टप्प्यांचे इंजिन सिद्ध केले. हवा-इंधन आत ओढायचे, दाबायचे, पेटवायचे आणि धूर बाहेर टाकायचा. पुढे १८८६ साली कार्ल बेंझ याने आपल्या तीनचाकी मोटारीचे पेटंट घेतले. ती गाडी लांब पल्ल्यावर प्रथम कोणी नेली? त्याच्या पत्नीने! ऑगस्ट १८८८ मध्ये बेर्टा बेंझ दोन मुलांना घेऊन, नवऱ्याला न सांगता, मानहाइमहून फोर्त्सहाइमला निघाली. अंतर सुमारे शंभर किलोमीटर. वाटेत इंधनाची नळी तुंबली, ती तिने टोपीच्या पिनेने मोकळी केली. आपण स्टोव्हला पिन मारतो, तसेच म्हणा ना! ठिणगीच्या तारेवरचे वेष्टण झिजले, तिथे तिने मोज्याचा बंद गुंडाळला, असे सांगतात. इंधन आणि ठिणगी, ही दोन दुखणी त्या पहिल्याच प्रवासात भेटली.

तिसरी गोष्ट हवेची. एक किलो पेट्रोल नीट जळायला सुमारे पंधरा किलो हवा लागते. हे प्रमाण राखण्यासाठी विल्हेल्म मायबाख याने १८९३ साली पेट्रोलचा बारीक फवारा उडवणारा कार्ब्युरेटर केला. आता एक मर्म पाहा. गाडी उभी असताना हवेची झडप जवळजवळ मिटलेली असते, म्हणून इंजिनात फार थोडी हवा जाते. अशा वेळी रबरी नळीला लहानशी चीर असली, तरी तेवढ्या चोरट्या हवेने प्रमाण बिघडते. रस्त्यावर वेगात हा दोष जाणवतही नाही.

१९०२ साली बॉशच्या कारखान्यात उच्च दाबाच्या विजेचा मॅग्नेटो आणि स्पार्क प्लग तयार झाला. १९६७ साली फोक्सवॅगनच्या मोटारीत विजेच्या मेंदूने पेट्रोल मोजून देणारी योजना आली. आपल्याकडे १९८३ साली आलेली मारुती ८०० मात्र सुरुवातीला कार्ब्युरेटरवरच चालत असे. आज नव्या मोटारीत कार्ब्युरेटरची जागा इंजेक्टरने घेतली आहे. साधने पालटली, पण गरज तीच राहिली.

म्हणून इंजिन अडखळले, तर एकदम महाग भाग बदलायला सांगू नका. प्लग काजळला आहे का? तार सैल आहे का? हवेची जाळी धुळीने भरली आहे का? नळी चिरली आहे का? इंजेक्टर तुंबला आहे का? हे आधी पाहायला लावा. सगळे ठीक निघाले, तर मग झडपांची आणि सिलिंडरमधल्या दाबाची तपासणी करावी.

आणि एक गोष्ट विसरू नका. बंद खोलीत इंजिन चालू ठेवून तपासणी कधीही करू नये. त्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. पण तो माणसाचा जीव घेतो. गाडी आधी उघड्यावर काढा, मग बॉनेट उघडा.