तुकडे जपून ठेवावेत

गेल्या दिवाळीत नातू पुण्याहून आला होता. आमच्या अंगणात कडुनिंबाखाली एक जुनी गाडी उभी आहे. तिच्याभोवती तो दोन दिवस घुटमळत होता. तिसऱ्या दिवशी त्याने फ्रिजवरचे लोहचुंबक आणून दाराला लावून पाहिले. ते खाली पडले. मग बॉनेटला लावले, तिथूनही पडले. "आबा, ही गाडी प्लास्टिकची आहे का?" असे त्याने मला विचारले.

वाचकहो, जन्मभर इतिहास शिकवलेल्या माणसाला असा प्रश्न विचारला की उत्तर एका वाक्यात येत नाही. त्याला सांगितले ते इथेही लिहितो. आणि त्याला सांगताना अडखळलो ते थोडे अधिक.

ही गाडी म्हणजे सिपानी डॉल्फिन. बंगळूरला १९७४ च्या सुमारास सनराइज नावाचा कारखाना निघाला, पुढे तो सिपानी ऑटोमोबाइल्स या नावाने ओळखला गेला. त्यांनी आधी बादल नावाची तीनचाकी मोटार काढली आणि १९८२ मध्ये डॉल्फिन. डॉल्फिनचा मूळ आराखडा इंग्लंडमधल्या रिलायंट कंपनीच्या 'किटन' या गाडीचा. ८४८ सीसीचे ॲल्युमिनियमचे इंजिन, खाली पोलादी सांगाडा आणि वर सगळे अंग फायबर ग्लासचे. वजनाला हलकी असल्यामुळे रॅलीत आणि मद्रासजवळच्या शोलावरमच्या शर्यतींत हौशी मंडळी ती पळवीत. मी ती १९९४ साली अकोल्याच्या एका डॉक्टरांकडून जुनी घेतली. मास्तरच्या पगारात चारचाकी बसण्याचा तेवढा एकच मार्ग होता, कारण तोपर्यंत ती कोणालाच नको होती.

फायबर ग्लास म्हणजे काय? वर्गात असतो तर फळ्यावर दोन शब्द लिहिले असते, काच आणि राळ. काचेचा धागा काढण्याची हौस जुनी आहे. १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात काचेचे धागे रेशमाबरोबर विणून केलेला बायकांचा पोशाख मांडला होता. त्याच वर्षी त्याच शहरात सर्वधर्म परिषदेत स्वामी विवेकानंद बोलले, तेवढे आपल्या पाठ्यपुस्तकात असते. काचेचा झगा नसतो. पण तो झगा घडी घालता येईना, तुटे. १९३२ मध्ये अमेरिकेत डेल क्लाइस्ट नावाचा तरुण संशोधक काचेच्या विटा एकमेकींना जोडण्याच्या खटपटीत असताना दाबाच्या हवेचा झोत वितळलेल्या काचेवर पडला आणि काचेचा भुगा न होता बारीक तंतू उडाले. जोडायला गेला विटा आणि हाती आला कापूस! १९३८ मध्ये त्या मालाची स्वतंत्र कंपनीच निघाली. पुढे हे तंतू पॉलिएस्टर राळेत भिजवले की पोलादापेक्षा हलके आणि न गंजणारे कवच तयार होते हे कळले. दुसऱ्या महायुद्धात विमानांचे भाग आणि बोटी त्याच्या झाल्या. १९५३ साली शेव्हरोलेने कॉर्व्हेट ही फायबरची गाडी काढली. पहिल्या वर्षी फक्त ३०० झाल्या, त्याही बऱ्याचशा हाताने जुळवलेल्या.

आम्हा वऱ्हाडकरांना यातली आणखी एक गाडी जवळची वाटावी. पूर्व जर्मनीची ट्राबांट. तिथे पोलादाचा तुटवडा होता, म्हणून रशियातून येणारा टाकाऊ कापूस आणि फिनॉलची राळ दाबून तिचे पत्रे बनवीत. १९५७ ते १९९१ या काळात अशा सुमारे ३० लाख गाड्या निघाल्या. कापसाच्या देशात राहून आम्हाला सरकीच्या पुढे काही सुचले नाही, असे मी वर्गात गमतीने म्हणत असे.

डॉल्फिन फायबरची का केली यालाही इतिहास आहे. पोलादी पत्र्याची गाडी करायची तर प्रत्येक भागासाठी प्रचंड दाबयंत्रे आणि साचे लागतात. तो खर्च भरून निघायला गाड्या हजारोंनी विकाव्या लागतात. परवाना राजच्या दिवसांत छोट्या कारखानदाराला ते शक्य नव्हते. फायबरचा साचा फायबरचाच करता येतो. ब्रश, रोलर आणि चार कुशल हात असले की काम सुरू. पण ज्यामुळे सुरुवात सोपी होते त्यामुळेच पुढे अडते. दाबयंत्र पत्रा काही सेकंदांत घडवते. फायबरचा भाग साच्यात वाळेपर्यंत थांबावे लागते. १४ डिसेंबर १९८३ ला मारुती ८०० ची पहिली किल्ली ग्राहकाच्या हाती पडली आणि या शर्यतीचा निकाल लागला.

आता दुरुस्तीची गोष्ट. २००३ चा मे महिना. रिसोडकडचे लग्न आटोपून मी आणि सौ. परत येत होतो. समोरून पऱ्हाट्यांनी भरलेली बैलगाडी. हॉर्न वाजवायला नको होता, तो मी वाजवला. बैल बुजले, गाडी फिरली आणि चाकाची लोखंडी धाव आमच्या डाव्या मडगार्डावर आली. देवदयेने कोणाला लागले नाही. पत्रा असता तर चेपला असता. फायबर चेपत नाही, फुटते. रस्त्यावर सात-आठ तुकडे पडले. मी गाडीवानाची माफी मागून निघायच्या घाईत होतो. सौ. खाली उतरली, लग्नात मिळालेल्या पिशवीत एकेक तुकडा वेचून भरू लागली. "काय करायचे त्या कचऱ्याचे?" मी म्हणालो. "असू द्या, कामी येतील," ती म्हणाली.

गावातल्या एका डेंटिंगवाल्याकडे गेलो. तो बिचारा पत्र्याचा माणूस. त्याने सवयीने आतून हातोडी मारली आणि होती ती चीर हेडलाइटपर्यंत पळाली. मग कोणीतरी सांगितले, हिंगोली रस्त्यावर एकाची शेड आहे, तो फायबरच्या टाक्यांची झाकणे, दुकानांच्या पाट्या आणि मिरवणुकीतले पुतळे करतो. त्याला विचारा.

शेडमध्ये गेलो आणि त्याला ओळखले. त्यानेही मला. "या सर," म्हणाला. तो माझा विद्यार्थी होता. नाव लिहीत नाही. १९८४ मध्ये तो माझ्या वर्गात, नववीत होता. पोळ्याच्या आधीचे दिवस. मी वाशिमचा ताम्रपट शिकवत होतो. पाठ्यपुस्तकात नसूनही तो विषय मी दरवर्षी आवडीने शिकवीत असे: वाकाटकांच्या वत्सगुल्म शाखेचा राजा दुसरा विंध्यशक्ती, १९३९ मध्ये आपल्याच गावात मिळालेला त्याचा ताम्रपट, आणि त्यामुळे एका विसरलेल्या राजघराण्याची कशी ओळख पटली वगैरे. मी रंगात आलो होतो आणि हा पोरगा बाकाखाली मातीचा बैल करत बसला होता. मी तो त्याच्या हातून घेतला आणि टेबलावर आपटून फोडला. वर्ग हसला. पोरगा रडला नाही. पुढे आला, तुकडे गोळा केले, खिशात घातले आणि जागेवर जाऊन बसला. महिन्याभरात त्याची शाळा सुटली. पुढे भोसरीला एका कारखान्यात लागला आणि तिथे फायबरचे काम शिकला, हे नंतर कानावर आले होते.

त्याने मडगार्ड पाहिले, नाण्याने सगळीकडे ठोकून आवाज ऐकला. जिथे टणक आवाज येतो तिथे अंग शाबूत आणि जिथे बद्द आवाज येतो तिथे आतले थर सुटलेले, असे त्याने समजावले. मी शहाणपणाने सुचवले, "उजव्या मडगार्डाचा साचा घेऊन डावे करता येईल." तो हसला. "उजव्या पायाची चप्पल डाव्या पायात येते का सर?" मग म्हणाला, "तुकडे हायेत?" मी गाडीतून पिशवी काढून दिली. "आनले हे लय बरं केलं," तो म्हणाला. श्रेय कोणाचे ते मी तेव्हा सांगितले नाही.

काम तीन दिवस चालले आणि मी तिन्ही दिवस स्टुलावर बसून पाहिले. त्याने आधी साबणाने आणि मग ॲसिटोनने सगळे पुसून मेण, तेल काढले. प्रत्येक चीर जिथे संपते तिथे बारीक भोक पाडले, म्हणजे ती पुढे पळत नाही. मग समोरच्या बाजूने तुकडे कोड्यासारखे जुळवून चिकटपट्टीने बसवले. उत्खननातली खापरे जुळवताना मी फक्त चित्रात पाहिली होती. सगळी जुळणी झाल्यावर आतल्या बाजूने चिरांच्या दोन्ही काठांना घासून लांब उतार दिला. "सांधा अरुंद ठेवला तर तिथंच पुन्हा फुटते. दोन्हीकडं दूरवर पकड पायजे." तोंडाला फडके, लांब बाह्या. काचेची ती धूळ अंगात रुतते आणि गरम पाण्याने अंघोळ केली तर खाज वाढते, म्हणून आधी गार पाणी.

राळेचे काम त्याने पहाटे साडेपाचला केले. वाशिमच्या मे महिन्यात दुपारी भांड्यातली राळ ब्रश लावायच्या आत दगड होते. राळेत आधी कोबाल्टचा वेगक टाकून पूर्ण ढवळला, त्यानंतरच मोजून थेंब थेंब हार्डनर. ही दोन द्रव्ये राळेशिवाय थेट एकत्र आली तर भडका उडतो, म्हणून त्यांच्या बाटल्या शेडच्या दोन टोकांना ठेवलेल्या. काचेच्या चटईचे तुकडे कापसाच्या पेळूसारखे पांढरे दिसतात. राळ पडली की पारदर्शक होतात. एकावर एक थर, प्रत्येक थरावर रोलर, हवेचा बुडबुडा राहू द्यायचा नाही. वाळल्यावर पुढची चिकटपट्टी काढली, पुढूनही चिरा उथळ कोरून भरल्या, मग लांबी, घासकाम आणि रंग.

दुसऱ्या दिवशी रोलर फिरवत असताना मी विषय काढला. वर्षानुवर्षे घशात अडकलेले होते. म्हणालो, "तुझी शाळा माझ्यामुळे सुटली काय रे?"

त्याने रोलर थांबवला नाही. थांबवता येत नाही, राळ आवळते. म्हणाला, "नाई सर. बापानं त्या सालात बैल विकले होते, कर्जापायी. शाळा त्याच्यापायी सुटली." थोडा वेळ गेला. मग म्हणाला, "पन मंग वापस याव असं वाटलं अस्तं, थे तुमच्यापायी नाई वाटलं."

मी काही बोललो नाही. बोलण्यासारखे नव्हतेच. पोळ्याला विकलेल्या बैलांच्या घरात एका पोराने बाकाखाली बैल घडवावा आणि मी त्याला सोळाशे वर्षांपूर्वीच्या राजाच्या नावाने शिक्षा करावी! घराणी कशी बुडतात ते शिकवणाऱ्याला पुढच्या बाकावरचे बुडणारे घर दिसले नाही. पुढे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने मुलांना शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास देण्यास बंदी केली. तेव्हा मी निवृत्त होऊन वर्ष झाले होते. शिक्षक मित्र म्हणत होते, आता वर्ग कसा सांभाळायचा. मला त्या शेडमधली नाण्याची टकटक आठवली. आधी ठोकून ऐकायचे असते, कुठे बद्द वाजते ते. हातोडी पत्र्याला चालते.

तिसऱ्या दिवशी त्याने बाराशे रुपये सांगितले. मी दिले, त्याने मोजून घेतले. नको नको म्हटले असते तर मला अधिक जड गेले असते. निघताना मी म्हणालो, "माझे चुकले." तो म्हणाला, "गाडी आठ दिवस पान्यात नेऊ नका सर." एवढेच.

ती गाडी त्यानंतर नऊ वर्षे चालली. आता चालत नाही. गंमत अशी, की खालचा पोलादी सांगाडा गंजून भाकरीसारखा पापुद्रे सोडतो आहे आणि वरचे फायबर जसेच्या तसे आहे. रंग उडाल्यामुळे डाव्या मडगार्डावर सांध्यांच्या रेषा नकाशातल्या नद्यांसारख्या दिसू लागल्या आहेत, पण एकही सांधा सुटलेला नाही. नातवाने आतून हात फिरवला. "इथे खरखरीत का लागते?" मी म्हणालो, तिथे जोड आहे. मग त्याला जोड देणाऱ्याची गोष्ट सांगितली आणि थोडे थांबून बैलाचीही सांगितली. घरात ती मी आजवर कोणाला सांगितली नव्हती.

सौ. ओसरीवर तांदूळ निवडत होती. तिने सगळे ऐकले असावे. ताट बाजूला ठेवून एवढेच विचारले, "आणि त्या बैलाचे तुकडे? त्याने जोडला का पुन्हा?"

ते विचारायचे माझ्याकडून राहूनच गेले.