तोंडी परीक्षेतली आसावरी

संगीत विशारद किंवा अलंकारच्या प्रात्यक्षिकाला जो बसलाय त्याला ती खोली वेगळी सांगायला नको. समोर परीक्षक, त्यांच्यापुढे अभ्यासक्रमाचा कागद, बाजूला तबला. "भूप आणि देसकार वेगळे करून दाखवा." सूर तेच पाच! भूपात वजन गंधारावर, देसकारात धैवतावर. पण नुसतं वादी-संवादी सांगून सुटका नाही, गाऊन पटवायचं. पुढे मारवा, पूरिया, सोहनी. मग हातावर झुमरा, त्याची दुगुन.

हा प्रकार जुना वाटतो, पण आहे सव्वाशे वर्षांच्या आतबाहेरचा. पलुस्करांनी 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. भातखंड्यांनी 1918 मध्ये ग्वाल्हेरला आणि 1926 मध्ये लखनौला विद्यालयं उभी करायला हात लावला. पलुस्कर 1931 साली गेले, त्याच वर्षी शिष्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापलं. तोवर शिष्याची पारख गुरू करायचा, तीही न सांगता. केसरबाई, मोगूबाई घडल्या त्या अल्लादियाखाँसाहेबांच्या तालमीत. आता अनोळखी माणसापुढे बसून रागाची कारणं द्यायची होती. यातून गाणं चारचौघांच्या घरात आलं, हे मी मोठंच काम मानतो. आमच्या गोव्यात तर गाणं म्हणजे कलावंतांचं, असंच लोक धरून चालत.

पण आसावरीचं काय? ग्वाल्हेरवाले तिला शुद्ध रिषभ लावतात, भातखंड्यांनी थाट ठरवताना तोच धरला. इतर कित्येकांची आसावरी कोमल रिषभाची. घरी तीच शिकलेला मुलगा परीक्षेला बसला, की आधी नाव बदलून सांगतो, 'कोमल रिषभ आसावरी'. म्हणजे गुरूची आसावरी झाली अपवाद, पुस्तकातली झाली आसावरी! जाणता परीक्षक असेल तर विचारतो, "तुमच्याकडे कुठला रिषभ?" आणि ऐकत बसतो. नसेल तर कागद बघतो.

गंमत म्हणजे भातखंड्यांचा स्वतःचा 'हिंदुस्तानी संगीत पद्धति' हा मराठी ग्रंथ गुरु-शिष्यांच्या संवादात लिहिलेला आहे. कोण काय गातो, कुठे मतभेद आहेत, सगळं त्यात येतं. तीही एक तोंडी परीक्षाच म्हणा ना. फक्त तिथे प्रश्न शिष्य विचारतो, आणि उत्तरं गुरूला द्यावी लागतात.