मडगार्डावरचे थर

आपल्या मंडळात ताम्रपट वाचले जातात, मोडी दफ्तरं वाचली जातात. मी या खेपेला स्कूटरचा मडगार्ड वाचून आलोय.

वडिलांनी 1978 साली चेतक घेतली. त्या काळी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागे. गेल्या महिन्यात रावपुऱ्यातल्या गर्दीत तिचा मडगार्ड पत्र्यापर्यंत खरवडला. म्हटलं, स्प्रे कॅन आणून घरीच करू.

हा कॅन तसा वयाने लहानच. पूर्वी मोटारींना ब्रशने व्हार्निशचे थर देत आणि ते वाळायला आठवडे जात. 1920च्या दशकात ड्यू पाँटचा 'ड्यूको' आला. हा नायट्रोसेल्युलोजचा रंग फवारता येई आणि झटपट वाळे. त्याच दशकात नॉर्वेच्या एरिक रोथेइमने डब्यात दाबाखाली द्रव भरून फवारण्याची युक्ती काढली. अशा डब्यात रंग भरला तो 1949 मध्ये, अमेरिकेतल्या सिकमोर गावच्या एडवर्ड सीमोर यांनी. कल्पना त्यांच्या पत्नी बॉनी यांची.

आधी 400 नंबरचा वॉटर पेपर भिजवून कडा उतरत्या केल्या, मग उघड्या पत्र्यावर रेड ऑक्साइड मारलं. कॅन दोन मिनिटं खळखळवला आणि वीतभर अंतरावरून, हात चालता ठेवून, पातळ थर दिले. दुसऱ्या थराला एका बाजूचा रंग दुधावरच्या सायीसारखा सुरकुतला!

कारण आम्हा इंजिनिअर लोकांना ठाऊक असतं. कॅनमधला थिनर खालच्या ऑइल पेंटला फुगवतो. कंपनीचा भट्टीत भाजलेला रंग सहसा असा सुरकुतत नाही. म्हणजे मधे कुणीतरी ऑइल पेंट लावला होता. भिंग धरलं, तर ब्रशच्या रेघा दिसल्या आणि त्यात अडकलेला एक केसही.

1988 मध्ये चालवायला शिकताना मी ही स्कूटर पाडली होती. आईने दुरुस्तीला पैसे काढून दिले. "पेंटरकडून करून आणली," असं बाबांनी आम्हा दोघांनाही सांगितलं. त्याच सुमारास मी कलाभवनात इंजिनिअरिंगला लागलो होतो. सयाजीरावांच्या काळात, 1890 मध्ये सुरू झालेली ही संस्था. तिथे रंगाईचंही शिक्षण दिलं जाई.

बाबांची हिशेबाची वही काढली. त्या महिन्यात पेंटरची नोंद नाही. 'रंग डबी, ब्रश' अशी आहे, आणि तिच्याखाली 'चि.साठी ड्राफ्टर'.

वस्तू आणि कागद एकच बोलले. आता विचारायला दोघंही नाहीत.

सुरकुत्या वाळू दिल्या, घासल्या, पुन्हा प्राइमर मारून रंग पुरा केला. आतल्या बाजूला रुपयाएवढी जागा मात्र तशीच ठेवली आहे. तिच्यावर क्लिअरसुद्धा मारला नाही, तोही तिला सुरकुतवील. नुसतं मेण चोळलंय.