टॅलाडेगाची शर्यत आणि चालकांचा बहिष्कार

श्रोतेहो, मोटारींच्या शर्यतीचा इतिहास सांगावयास एका कामगार कार्यकर्त्याने उभे राहावे, याचे आपणांपैकी कोणाला नवल वाटेल. पण ही शर्यत आमच्याच खात्यातली आहे.

बाजारात मिळणाऱ्या मोटारींच्या धर्तीवर बांधलेल्या गाड्यांच्या शर्यतींचा धंदा अमेरिकेत बिल फ्रान्स या गृहस्थाने १९४८ साली ‘नॅसकार’ ही संस्था काढून उभा केला. १९६१ साली कर्टिस टर्नर आणि टिम फ्लॉक यांनी चालकांची युनियन बांधावयास घेतली, तेव्हा फ्रान्सने दोघांवर जन्माची बंदी घातली. टर्नरवरची बंदी १९६५ साली उठली; युनियन मात्र बारगळली.

१९६९ साली फ्रान्सने अलाबामा राज्यात टॅलाडेगा येथे २.६६ मैलांची नवी धावपट्टी बांधली. वळणे ३३ अंशांनी कललेली. सरावातच गाड्या ताशी २०० मैलांच्या घरात गेल्या आणि थोड्या फेऱ्यांत टायरांच्या चिंध्या होऊ लागल्या. त्याच उन्हाळ्यात चालकांनी रिचर्ड पेटी याच्या अध्यक्षतेखाली संघटना काढली होती. तिचे मागणे एवढेच, की टिकणारे टायर मिळेपर्यंत शर्यत पुढे ढकला. साठीला टेकलेल्या फ्रान्सने स्वतः गाडी फिरवून दाखविली, पण चालकांपेक्षा पुष्कळ कमी वेगाने! शनिवारी, १३ सप्टेंबरला, पेटीसह तीसाहून अधिक चालक गाड्या बांधून घरी निघाले.

रविवारी लहान वर्गाच्या गाड्या आणून रांग भरण्यात आली. प्रेक्षकांना त्याच तिकिटावर पुढची एक शर्यत देऊ केली. संघटनेचा राजीनामा देऊन उतरलेला रिचर्ड ब्रिकहाउस जिंकला. ५०० मैल पुरे झाले, मोठा अपघात झाला नाही. ‘पाहा, काही झाले का?’ असे म्हणावयास मालक मोकळा!

हा प्रश्न आम्हीही कारखान्यांच्या दारांत पुष्कळदा ऐकला आहे, आणि दर वेळी उत्तर सुचले असे नाही. पण त्या रविवारी टायर बदलता यावेत म्हणून पिवळे निशाण पुनःपुन्हा दाखवून गाड्या हळू करीत होते. चालकांची तक्रार खरी होती, याची कबुली त्या निशाणानेच दिली. पुढल्याच वर्षी इंजिनांना चकत्या बसवून वेग आवरण्यात आला. संघटना मात्र काही वर्षांत विरून गेली.

आपल्या देवगड तालुक्यातील चाकरमान्यांच्या घरांना हे परके वाटू नये. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेला मुंबईचा गिरणी संप रीतसर कधीच मागे घेतला गेला नाही, आणि कित्येक जण रिकाम्या हातांनी कोकणात परतले. संप फसला की मागणीच खोटी होती, असे लोक धरून चालतात. तसा निवाडा करण्यापूर्वी टॅलाडेगाचे ते पिवळे निशाण आठवावे, एवढीच आमची विनंती आहे.