डोंगराच्या पोटातील गिलावा

दुधनीसारख्या सपाट काळ्या रानाच्या गावी बोगद्यांचा इतिहास सांगावा, हे वरवर विसंगत दिसेल. आपल्या शिवारातून धावणाऱ्या लोहमार्गाला जवळपास कोठे डोंगर आडवा येत नाही. तथापि हा मार्ग १८७१ साली रायचूरपर्यंत पोहोचला, तो आधी भोर घाट फुटला म्हणूनच. येथील तूर आगगाडीने मुंबईस गेली, ती घाटात खपलेल्या मजुरांच्या पुण्याईने.

भोर घाटाचे काम १८५६ साली सुरू झाले आणि २१ एप्रिल १८६३ रोजी मार्ग खुला झाला. सुमारे १५ मैलांत १,८३१ फुटांची चढण आणि २५ बोगदे! १८५९ साली मजुरी थकल्यामुळे दंगा उसळला आणि पहिला कंत्राटदार फॅव्हिएल दूर झाला. नवा कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल त्याच वर्षी वारला, तेव्हा त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने काम तडीस नेले. १८६१ साली घाटात ४२,००० माणसे राबत होती. पटकीने आणि अपघातांनी त्यांतील कितीतरी गेली. कंत्राटदारांची नावे इतिहासाने जपली. मजुरांची जपली नाहीत.

बोगद्यात माणूस मरतो तो बहुधा केव्हा? सुरुंग उडाल्यावर छत उघडे पडते. मोकळा झालेला खडक हळूहळू सैल होतो, सांध्यांतून पाणी झिरपते, एक चीप निसटते आणि तिच्यामागून दुसरी. लाकडी टेकू लावीपर्यंत आणि पुढे दगडी कमान बांधीपर्यंत जो वेळ जातो, तोच मजुराचा काळ. म्हणजे प्रश्न जितका डोंगराच्या भाराचा, तितकाच वेळेचा आहे.

या प्रश्नाचे उत्तर निघाले एका भलत्याच माणसाच्या हातून. शिकागोच्या संग्रहालयात मेलेली जनावरे जिवंतासारखी मांडून ठेवणारा कार्ल एकले याने १९०७ च्या सुमारास इमारतीच्या झडलेल्या भिंतींवर गिलावा करण्यासाठी एक यंत्र रचले. सिमेंट आणि वाळू दाबाच्या हवेने नळीतून पाठवावयाची, तोंडाशी पाणी मिसळावयाचे आणि मिश्रण वेगाने भिंतीवर मारावयाचे. यास साचा लागत नाही. आघातानेच थर घट्ट बसतो. पुढे त्यात खडी आली, लवकर आळविणारी द्रव्ये आली. हेच आजचे शॉटक्रीट, म्हणजे फवाऱ्याचे काँक्रीट.

त्यामागचे तत्त्व ऑस्ट्रियाचे अभियंते राबसेविच यांनी स्पष्ट केले. १९६२ साली त्यांनी त्या पद्धतीस नाव दिले. खडक हा निव्वळ शत्रू नव्हे, तोच मुख्य आधार आहे. त्यावर ताबडतोब पातळ थर चढवावा, पोलादी खिळे ठोकावेत आणि तो किती हलतो हे रोज मोजावे. नव्या अभियंत्याने डोंगराशी भांडणे सोडले आणि त्याचे म्हणणे ऐकावयास आरंभ केला, असे आम्ही म्हणू.

मुंबईत काळबादेवी आणि गिरगाव येथील भुयारी मेट्रो स्थानकांच्या खोदाईत हीच पद्धत वापरली गेली. वर जुन्या चाळी आणि त्यांत नांदती माणसे, खाली पोकळी! ती संपूर्ण मार्गिका २०२५ च्या ऑक्टोबरात खुली झाली.

तरीही यंत्राचा गर्व नको. ओल्या, भुसभुशीत मातीवर फवारा धरत नाही. पाणी त्यास मागे लोटते. कोकण रेल्वे १९९८ साली पूर्ण झाली, पण गोव्यातील पेडण्याच्या मऊ मातीतील बोगद्याने बांधणाऱ्यांस वर्षानुवर्षे झुंजविले. जुलै २०२४ मध्ये त्यात पाणी शिरून गाड्या थांबल्या. शिवाय कोरड्या फवाऱ्याची धूळ फवारणाऱ्याच्याच फुप्फुसात जाते. म्हणून मुखपट्टी, वारा आणि ओले मिश्रण यांवरचा खर्च हा चैनीचा खर्च नव्हे.

एका बोटाएवढ्या जाडीच्या थरानेही सुटणारा खडक धरता येतो, हे ज्ञान भोर घाटाच्या वेळी नव्हते. आज ते आहे. म्हणून तेव्हाच्या मृत्यूंना अज्ञान हे कारण काही अंशी तरी देता येते. आजच्या मृत्यूंना ते देता येणार नाही.