बेल्ट सँडर घ्यायचाय? रीलमध्ये सोपं दिसणारं हे मशीन नेमकं कशासाठी असतं, ते आधी समजून घ्या

सुतारकामाच्या रीलमध्ये हे दृश्य हमखास असतं. खडबडीत फळीवर एक मशीन फिरतं आणि काही सेकंदांत खालून गुळगुळीत, सोनेरी लाकूड बाहेर येतं. ते मशीन बहुतेक वेळा बेल्ट सँडर असतं. रील बघून अनेकजण ते ऑनलाइन मागवतात. पहिल्याच दिवशी फळीवर खड्डे पडतात, प्लायवूडचा वरचा थर उडतो आणि मशीन माळ्यावर जातं.

यात मशीनचा दोष क्वचितच असतो. बेल्ट सँडर हे गुळगुळीत करण्याचं मशीन आहे, असा समज असतो. त्याचं खरं काम आहे लाकूड झपाट्याने कमी करून पृष्ठभाग सपाट करणं. हा फरक कळला की कोणता घ्यायचा, कसा वापरायचा आणि मुळात घ्यायचा की नाही, या तिन्ही प्रश्नांची उत्तरं सोपी होतात.

वऱ्हाडात हा प्रश्न जास्त महत्त्वाचा का?

अमरावती जिल्ह्याच्या उत्तरेला मेळघाट आहे. १९७४ मध्ये व्याघ्र प्रकल्प झालेलं हे जंगल पानगळीचं असून त्यात सागाची झाडं सर्वात जास्त आहेत. जंगलाच्या पायथ्याशी असलेलं परतवाडा अनेक वर्षांपासून सागवानाची बाजारपेठ म्हणून ओळखलं जातं. तिथल्या लाकूड डेपोमुळे आणि आरागिरण्यांमुळे अमरावती, अकोला भागात घराचं दार, दिवाण किंवा बंगई करायची झाली की आजही आधी सागवानाचाच विचार होतो.

आरागिरणीतून आलेल्या फळीवर पात्याच्या आडव्या खुणा असतात, कुठे उंचवटा तर कुठे पीळ असतो. अशी सागाची अखंड फळी हे बेल्ट सँडरचं खरं काम. याउलट शहरातल्या फ्लॅटमध्ये प्लायवूड आणि सनमायकाचं काम असेल, तर या मशीनचा उपयोग फारच कमी.

जाता जाता एक गोष्ट. सागवान विकत घेताना पक्कं बिल घ्या. सागाच्या वाहतुकीला वन विभागाचा परवाना लागतो. ‘बिल नको, स्वस्तात देतो’ असं कोणी म्हणालं, तर ते लाकूड पुढे महागात पडू शकतं.

बेल्ट सँडर चालतो कसा?

दोन रोलरवर पॉलिश पेपरचा गोल, बंद पट्टा ताणून बसवलेला असतो. मागचा रोलर मोटारीवर फिरतो, पुढचा स्प्रिंगच्या जोरावर पट्टा ताणून धरतो. मधे धातूची सपाट पट्टी असते, ती पट्ट्याला लाकडावर सपाट टेकवते.

पट्टा एकाच दिशेने आणि वेगात पळतो. मिनिटाला ३०० मीटर हा वेग या मशीनसाठी सामान्य आहे. म्हणजे ताशी १८ किलोमीटर. एवढ्या वेगाने पळणारा पॉलिश पेपर एकाच जागी दोन-तीन सेकंद थांबला तरी खड्डा पडतो. मशीन पुढे ओढ घेतं, त्याचं कारणही हेच. ट्रॅक्टरची चाकं माती धरून पुढे सरकतात, तसा पट्टा लाकूड धरून सरकू बघतो.

हातात धरून चालवायचं असं मशीन १९२६ मध्ये अमेरिकेतल्या पोर्टर-केबल कंपनीने बाजारात आणलं. मूळ रचना आजही तीच आहे.

रंधा, ऑर्बिटल की बेल्ट सँडर?

– रंधा : फळीची जाडी कमी करायची असेल तर हाताचा किंवा इलेक्ट्रिक रंधा. तो लाकडाचे पापुद्रे काढतो. पण गाठ आली किंवा रेषा उलटी फिरली की लाकूड उचकटतं.

– बेल्ट सँडर : रंध्याने उचकटलेला भाग, आऱ्याच्या खुणा, जोडलेल्या फळ्यांमधला उंचसखलपणा काढण्यासाठी. गाठीवरही चालतो.

– ऑर्बिटल सँडर : पॉलिशच्या आधीच्या शेवटच्या फिनिशिंगसाठी. याची गादी छोट्या वर्तुळात फिरते, लाकूड हळूहळू घासलं जातं आणि चूक झाली तरी सावरता येते.

घरच्या घरी कधीतरी स्टूल किंवा खुर्ची घासायची असेल, तर पहिलं मशीन ऑर्बिटल सँडरच असावं. अखंड लाकडाचं काम नेहमी होत असेल, तरच बेल्ट सँडरकडे वळावं.

गोलाईच्या वस्तूंसाठी तर हे मशीन नकोच. तान्ह्या पोळ्याच्या लाकडी नंदीची मान किंवा शिंगं सपाट पट्ट्याखाली चपटी होतील. तिथे हाताने पॉलिश पेपर मारणं हाच उपाय.

कोणता साइज घ्यावा?

बेल्ट सँडरचा साइज म्हणजे पट्ट्याची रुंदी आणि एकूण लांबी. बाजारात तीन साइज जास्त दिसतात.

– ३ × १८ इंच : वजनाला हलका, एकट्याने सांभाळता येतो. दाराच्या कडा, पाट, छोट्या फळ्या.

– ३ × २१ इंच : मधला पर्याय. नव्याने सुतारकाम सुरू करणाऱ्यांसाठी बहुतेक वेळा हाच पुरेसा.

– ४ × २४ इंच : जड आणि ताकदवान. दिवाण, जेवणाचं टेबल, बंगईची रुंद फळी अशा कामांसाठी. उभ्या दारावर धरून वापरायला मात्र थकवणारा.

साइजसोबत आणखी चार गोष्टी बघा.

१. वेग कमी-जास्त करण्याची सोय. नवीन माणसासाठी ही सर्वात महत्त्वाची. कमी वेगात चूक लहान राहते.

२. तुमच्या गावात पट्टे मिळतात का? मशीन एकदाच घ्यायचं असतं, पट्टे वारंवार लागतात. त्या साइजचे ६०, ८० आणि १२० नंबरचे पट्टे अमरावती किंवा अकोल्याच्या हार्डवेअर दुकानात मिळतात ना, हे मशीन घेण्याआधी विचारा.

३. भुशाची पिशवी आणि व्हॅक्यूमचा पाइप जोडायची जागा. पाइप जोडता येत नसेल तर ते मशीन घरात वापरायच्या लायकीचं नाही.

४. सर्व्हिस सेंटर. कार्बन ब्रश आणि पट्टा फिरवणारा आतला रबरी बेल्ट हे झिजणारे भाग आहेत. ते जवळपास मिळायला हवेत.

विजेचाही विचार करा. व्होल्टेज कमी असताना मशीन रेटलं की मोटार तापते. एक्स्टेन्शन बोर्डची बारीक, लांबलचक वायरही तेच करते. वायर जाड आणि गरजेपुरतीच लांब ठेवा.

पट्टा कोणत्या नंबरचा?

नंबर जितका छोटा, तितके दाणे मोठे आणि मशीन तितकं आक्रमक.

– ४० : फारच वाकडी, खडबडीत फळी. शिकताना हात लावू नका.
– ६० : आऱ्याच्या खुणा काढायला.
– ८० : साधारण सपाटीकरण. सुरुवात शक्यतो इथूनच.
– १२० : बेल्ट सँडरचा शेवटचा टप्पा.

त्यापुढचे १५० ते २२० नंबर ऑर्बिटलने किंवा हाताने मारायचे. मधला नंबर गाळू नये. ६० वरून थेट १२० वर गेलात तर आधीच्या खोल रेघा राहतात. कोरड्या लाकडावर त्या दिसत नाहीत, पॉलिश चढलं की चमकून दिसतात.

सागाच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. या लाकडात नैसर्गिक तेल असतं आणि सिलिकाही असते. तेलामुळे भुसा पट्ट्यात चिकटून बसतो, सिलिकामुळे दाणे लवकर बोथट होतात. पट्टा साफ करायला रबराची खास कांडी मिळते, चालत्या पट्ट्यावर ती टेकवली की चिकटलेला भुसा निघतो. ओल्या लाकडावर मशीन चालवलं तरी पट्टा असाच भरतो, म्हणून पावसाळ्यात बाहेर राहिलेली फळी आधी पूर्ण सुकू द्या.

उन्हाळ्याचाही फटका बसतो. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. पत्र्याच्या शेडमध्ये पडलेल्या पट्ट्यांचा जोड कमजोर होऊन ते चालू मशीनवर तुटू शकतात. पट्टे घडी न घालता, सावलीत आणि डब्यात ठेवा.

वापरायचा कसा?

१. प्लग काढूनच पट्टा बदला. पट्ट्याच्या आतल्या बाजूला बाण असेल तर तो मशीनवरच्या बाणाच्या दिशेनेच बसवा. उलटा बसवला तर काही पट्ट्यांचा जोड उखडतो.

२. पट्टा मधोमध आणा. मशीन हवेत धरून चालू करा. पट्टा एका बाजूला सरकत असेल तर बाजूचा नॉब थोडा थोडा फिरवा.

३. फळी घट्ट बांधा. क्लॅम्प लावा. सुटी फळी मशीन मागे फेकू शकतं.

४. पेन्सिलने रेघोट्या मारा. पूर्ण फळीवर नागमोडी रेघा ओढा. घासताना जिथल्या रेघा राहतील तो भाग अजून खोल आहे. कुठे थांबायचं, हे यावरून कळतं.

५. आधी चालू, मग टेकवा. आधी उचला, मग बंद करा. लाकडावर ठेवून बटण दाबलं की मशीन उडी मारतं.

६. जोर लावू नका. मशीनचं वजन पुरेसं असतं. दाबल्याने काम वेगाने होत नाही, पट्टा तापतो आणि खड्डे पडतात. दोन्ही हातांनी फक्त दिशा द्यायची.

७. लाकडाच्या रेषेच्या दिशेने चला. फळी फारच उंचसखल असेल तर पहिल्या नंबरला थोडं तिरकं चालवता येतं. शेवट मात्र रेषेच्या दिशेनेच. प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर निम्मी चढवा.

८. कडेवर सांभाळा. मशीनचा निम्म्याहून जास्त भाग फळीबाहेर गेला की ते खाली झुकतं आणि कड गोल होते.

९. वायर खांद्यावरून मागे घ्या. पट्ट्याखाली वायर आली तर शॉक बसू शकतो.

पहिला प्रयोग चांगल्या सागावर करू नका. आरागिरणीतला टाकाऊ तुकडा घ्या आणि तासभर हात बसवा.

प्लायवूडवर चालतो का?

शक्यतो नाही. प्लायवूडचा सर्वात वरचा थर एक मिलिमीटरपेक्षाही पातळ असतो. ८० नंबरचा पट्टा तो काही सेकंदांत उडवतो आणि खालचा आडव्या रेषेचा थर दिसू लागतो. ते दुरुस्त होत नाही.

जुनं दार घासायचं असेल तर?

जुन्या घराचं सागवानी दार रंग काढून नव्यासारखं करायचा ट्रेंड आहे. इथे दोन धोके आहेत.

पहिला, खिळे. पट्टा खिळ्यावर गेला की ठिणगी उडते, आणि ती ठिणगी भुशाच्या पिशवीत गेली तर आग लागू शकते. आधी प्रत्येक खिळा काढा किंवा खोल ठोका.

दुसरा धोका दिसत नाही. जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असू शकतं. घरगुती रंगांमध्ये शिशाचं प्रमाण ९० पीपीएमपेक्षा जास्त नसावं, हा नियम भारतात १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधी रंगवलेलं दार मशीनने घासलं तर शिशाची बारीक धूळ घरभर पसरते. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर शिशाचा वाईट परिणाम होतो. असा रंग बेल्ट सँडरने काढू नका. रंग काढायचं केमिकल किंवा पाणी लावून हाताने वॉटर पेपर घासणं हा त्यातल्या त्यात सुरक्षित मार्ग. निघालेला रंग गोळा करून वेगळा टाका आणि मुलांना व गर्भवती महिलांना दूर ठेवा.

‘भुसाच तर आहे’ असं म्हणण्याआधी

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये लाकडाच्या धुळीला माणसात कर्करोग घडवणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात टाकलं. नाकाच्या आणि सायनसच्या कर्करोगाशी तिचा संबंध आढळला आहे. एका दिवसाच्या कामाने घाबरून जायचं कारण नाही. पण रोज आठ-आठ तास याच धुळीत उभं राहणाऱ्या वाढई-सुतारांसाठी हा खरा प्रश्न आहे. सागाच्या धुळीने काहींच्या अंगावर खाज आणि पुरळही येतं.

तोंडाला बांधलेला दुपट्टा किंवा रुमाल बारीक धूळ अडवत नाही. एन-९५ मास्क, चष्मा आणि कानात प्लग, एवढं किमान हवं. काम शक्यतो अंगणात करा. संध्याकाळी भुशाची पिशवी रिकामी करा. पॉलिश किंवा तेल मिसळलेला भुसा साठवून ठेवला तर तो आपोआप तापून पेटू शकतो.

व्यावसायिक सुतारांसाठी मदत मिळते का?

१७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या १८ व्यवसायांत सुतारकाम आहे. प्रशिक्षणासोबत अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतचं ई-व्हाउचर मिळतं. पहिल्या टप्प्यात १ लाख आणि दुसऱ्या टप्प्यात २ लाखांपर्यंतचं कर्ज ५ टक्के व्याजाने मिळू शकतं. व्हाउचरवर कोणती अवजारं घेता येतात, हे नोंदणी करतानाच विचारून घ्या.

मग घ्यायचा की नाही?

तीन प्रश्न स्वतःला विचारा. काम अखंड लाकडाचं आहे का? वर्षातून एकदा नाही, तर नेहमी होणार आहे का? आणि धूळ बाहेर काढायची सोय आहे का? तिन्ही उत्तरं ‘हो’ असतील तर वेग कमी-जास्त करता येणारा ३ × २१ चा सँडर, ८० आणि १२० नंबरचे पट्टे आणि एन-९५ मास्क एकाच बिलात घ्या. एखादं उत्तर जरी ‘नाही’ असेल, तर ऑर्बिटल सँडर घ्या. एकाच दारासाठी किंवा एकाच बंगईसाठी हवा असेल, तर फळी ओळखीच्या सुताराकडे न्या. तो चार पैसे घेईल, पण सागाची फळी वाया जाणार नाही.