खुर्चीवरचा नेम : दिव्यांगांच्या धनुर्विद्येची गोष्ट (थ्रेड)

पुण्यात मंडईतून पूर्वेकडे निघून कॅम्प ओलांडला की वानवडीत लष्कराचे कृत्रिम अवयव केंद्र लागते. त्याची स्थापना १९४४ सालची. महायुद्धात हातपाय गमावलेल्या सैनिकांना तेथे नवे अवयव बसवले जात. त्याच वर्षी १ फेब्रुवारीला इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल येथे मज्जारज्जूला इजा झालेल्या सैनिकांसाठी रुग्णालयाचा एक विभाग उघडला. युद्ध एकच, वर्षही एकच; प्रश्न मात्र वेगळे. पुण्यात विचारले जात होते, गेलेला अवयव परत कसा द्यावा? स्टोक मँडेव्हिलच्या रुग्णांचे पाय जागेवरच होते. मेंदूची आज्ञा तिथवर पोहोचत नव्हती. अशा माणसाला बसवायचे तरी काय?

विभागाचे प्रमुख लुडविग गुटमान हे १९३९ मध्ये नाझी जर्मनीतून निसटलेले ज्यू मज्जाविकारतज्ज्ञ. कमरेखालून लुळा पडलेला सैनिक फार काळ जगत नाही, असेच तेव्हा गृहीत धरले जाई. पडून पडून होणाऱ्या जखमा आणि मूत्रमार्गाचा संसर्ग त्याला संपवीत. गुटमान यांनी रुग्णांची कूस दर दोन तासांनी बदलण्याचा नियम घातला, त्यांना खुर्चीत बसवले आणि पुढे हाती धनुष्य दिले.

धनुष्यच का? प्रत्यंचा ओढताना छाती, खांदे आणि दंड बळकट होतात, हे उपचाराचे कारण. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे : या खेळात धावावे लागत नाही, त्यामुळे खुर्चीत बसलेला माणूस उभ्या माणसाशी जवळजवळ बरोबरीने स्पर्धा करू शकतो. २९ जुलै १९४८ रोजी, लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनाच्याच दिवशी, रुग्णालयाच्या हिरवळीवर १६ जणांनी तिरंदाजीची स्पर्धा खेळली. पॅरालिंपिकचा उगम तो.

आता प्रशिक्षकाची अडचण पाहू. उभ्या तिरंदाजाचे शिक्षण पावलांपासून सुरू होते. धनुष्याची ओढ कंबर आणि पायांतून अखेर जमिनीत उतरते. छातीखालच्या स्नायूंवर ताबा नसेल तर ही साखळी मध्येच तुटते. प्रत्यंचा ओढताच धड कलंडते. म्हणून खुर्ची लक्ष्याला आडवी लावून चाके रोखली जातात, धड पट्ट्याने पाठीशी बांधले जाते आणि दोन्ही फऱ्यांमधल्या स्नायूंनी ओढ घ्यायला शिकवले जाते. धनुष्याचे खालचे टोक चाकावर आपटू नये, ही क्षुल्लक वाटणारी बाबही आधीच सोडवावी लागते. सरावाचे गणितही निराळे. जो खांदा दिवसभर खुर्ची ढकलतो तोच धनुष्य ओढतो. त्याला विसावा दिला नाही तर खेळ जातोच, वर खुर्ची ढकलणेही जाते. इजा छातीच्या वरच्या भागात असेल तर घाम नीट येत नाही, मग दुपारचे ऊन धोक्याचे ठरते.

एकच हात असलेला तिरंदाज प्रत्यंचेला बांधलेली पट्टी दातांत धरून ओढतो. दृष्टिहीन तिरंदाजाच्या हाताच्या पाठीला एक स्पर्शदर्शक टेकलेला असतो. बाण कोठे लागला ते शेजारचा सहकारी सांगतो. १९६९ मध्ये अमेरिकेत होलिस विल्बर ॲलन यांना कंपाउंड धनुष्याचे पेटंट मिळाले. त्याच्या टोकांवरील कप्प्यांमुळे पूर्ण ताणावर हातावरचा भार बराच उतरतो, आणि अशक्त हातांनाही नेमासाठी उसंत मिळते. चारही अवयव बाधित असलेल्यांच्या डब्ल्यू-१ गटात या धनुष्याच्या ताणाला ४५ पौंडांची मर्यादा आहे. भिवंडीचे आदिल अन्सारी याच गटातले. हांगझोच्या आशियाई पॅरा क्रीडास्पर्धेत नवीन दलाल यांच्यासह त्यांनी दुहेरीचे कांस्य मिळवले.

एकलव्य येथे आठवतोच. अंगठा दिल्यावर तो उरलेल्या बोटांनी बाण सोडू लागला, पण पूर्वीची चपळाई राहिली नाही, असे आदिपर्व सांगते. आशियात अनेक ठिकाणी अंगठ्याने प्रत्यंचा ओढत. आजचा ऑलिंपिक तिरंदाज मात्र तर्जनी, मध्यमा आणि अनामिका वापरतो. अंगठा अनिवार्य होता तो एका पद्धतीपुरता. द्रोणांनी नेमका तोच मागितला, यात त्यांचे धनुर्विद्येचे पक्के ज्ञान दिसते.

नवा अवयव की नवी पद्धत, हा १९४४ चा पेच शीतल देवी हिच्या बाबतीत पुन्हा उभा राहिला. जन्म २००७ चा, किश्तवाड जिल्ह्यातला, हातांविना. कृत्रिम हातांचा विचार प्रथम झाला; ते तिला मानवले नाहीत. कटरा येथील प्रशिक्षक कुलदीप वेदवान आणि अभिलाषा चौधरी यांनी हात नसलेल्या कोणालाही पूर्वी शिकवले नव्हते. पायाने बाण मारणारे अमेरिकेचे मॅट स्टुट्झमन यांच्या चित्रफिती पाहून त्यांनी हातातील रिलीज उपकरण खांद्याला बसवले. शीतल उजव्या पायाने धनुष्य धरते, पाय पुढे रेटून ताण देते आणि तोंडाच्या साहाय्याने बाण सोडते. पॅरिसच्या पात्रता फेरीत तिचे गुण ७२० पैकी ७०३ होते. राकेश कुमार यांच्यासह तिने तेथे कांस्यही जिंकले.

पुण्याच्या केंद्राचा मार्ग यामुळे खोटा ठरत नाही. सुरुंगस्फोटात पाय गमावलेले होकाटो सेमा याच केंद्रात असताना लष्करी अधिकाऱ्यांनी त्यांना गोळाफेकीकडे वळवले. पॅरिसमध्ये त्यांनाही कांस्य मिळाले. कृत्रिम पाय चालण्यासाठी उत्तम. कृत्रिम हाताने प्रत्यंचा ओढणे, ही वेगळी गोष्ट.

बरोबरीचा गुटमान यांचा मुद्दा १९८४ मध्येच कसाला लागला होता : न्यूझीलंडच्या नेरोली फेअरहॉल लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये खुर्चीत बसून उभ्या स्पर्धकांविरुद्ध खेळल्या आणि ३५व्या आल्या. शीतल सप्टेंबर २०२५ मध्ये ग्वांग्जू येथे पॅरा विश्वविजेती झाली. त्यानंतर दोन महिन्यांच्या आतच आशिया चषकासाठी तिची निवड झाली, ती सुदृढ खेळाडूंच्या भारतीय कनिष्ठ संघात.